मुंग्यांच्या आधाराने वाढणारी नील फुलपाखरे : ओळख, निरीक्षण आणि जपणूक

फुलपाखरू टिकवायचे असेल तर त्याची खाद्यवनस्पती, म्हणजे ज्या झाडाची पाने किंवा फुले त्याची अळी खाते ते झाड, लावावे, हा सल्ला आता बागप्रेमींना आणि निसर्गमंडळांना चांगला परिचित झाला असून बहुतेक जातींच्या बाबतीत तो पुरेसाही पडतो. परंतु नील कुळातील, म्हणजेच लायसेनिडी कुळातील फुलपाखरांना मात्र तो नेहमी पुरत नाही. या कुळातील ज्या जातींचे संपूर्ण जीवनचक्र अभ्यासले गेले आहे, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जातींच्या अळ्यांचा मुंग्यांशी काही ना काही संबंध असल्याचे आढळले आहे, आणि त्यांतल्या काही जातींच्या बाबतीत तो इतका घट्ट आहे की झाड आहे, पाने कोवळी आहेत, ऊनही भरपूर आहे, पण नेमक्या जातीची मुंगी नाही, अशा ठिकाणी ते फुलपाखरू टिकूच शकत नाही. म्हणून या फुलपाखरांचा शोध घेणाऱ्याने आणि ती जपू पाहणाऱ्याने पहिली नजर झाडावर नव्हे, तर त्या झाडावरच्या मुंग्यांवर टाकावी, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

या संबंधाला शास्त्रीय परिभाषेत मिर्मेकोफिली म्हणतात. मराठीत त्याला मुंगीसख्य म्हणता येईल. त्याच्या खुणा अळीच्या शरीररचनेतच दिसतात. नील कुळातील अळी इतर अळ्यांसारखी लांबट, गोल नसून चपटी आणि दोन्ही टोकांना निमुळती असते, तिचे डोके पुढच्या खंडाखाली ओढून घेतलेले असते आणि तिची त्वचा, मुंगीच्या एखाद्या चाव्याने फाटू नये इतपत जाड असते. तिच्या पोटाच्या सातव्या खंडावर, पाठीच्या मध्यभागी, आडव्या चिरेसारखे तोंड असलेली एक ग्रंथी असते, जिला मधुग्रंथी म्हणावे. मुंगीने मिशांनी थोपटले की या चिरेतून शर्करा आणि अमिनो आम्ले असलेल्या द्रवाचा थेंब वर येतो आणि मुंगी तो पिते. त्यामागच्या आठव्या खंडावर दोन्ही बाजूंना एकेक नळीसारखा अवयव असतो. त्याला शुंडिका म्हणता येईल. एरवी शरीरात ओढून घेतलेली ही शुंडिका अळी बिथरली की झटक्यात बाहेर येते, टोकाचा केसांचा झुबका फुलतो आणि आसपासच्या मुंग्या एकदम सावध होऊन धावू लागतात. याशिवाय अनेक अळ्या आपल्या शरीराचे सूक्ष्म कंप पानाच्या किंवा फांदीच्या माध्यमातून मुंग्यांपर्यंत पोहोचवतात, जे माणसाच्या कानाला साध्या अवस्थेत ऐकू येत नाहीत.

या देवघेवीत मुंगीला गोड खाद्य मिळते आणि अळीला राखण मिळते. कोळी, शिकारी ढेकूण आणि अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या लहान परजीवी गांधीलमाश्या हे अळीचे मुख्य शत्रू होत, आणि मुंग्यांचा पहारा असेल तर त्यांना अळीजवळ येणे कठीण जाते. ऑस्ट्रेलियात बाभळीच्या गणातील झाडांवर वाढणाऱ्या जाल्मेनस इव्हॅगोरस या फुलपाखरावर नेओमी पिअर्स यांनी केलेल्या प्रयोगांत, ज्या झाडांवर मुंग्यांना चढू दिले नाही तिथल्या अळ्यांचा शत्रूंनी जवळजवळ फडशा पाडला, आणि मादी फुलपाखरू अंडी घालण्यासाठी मुंग्या असलेलेच झाड निवडते, असेही दिसून आले. तरीही हा व्यवहार दोन्ही बाजूंनी सारखा असतोच असे मानू नये. जपानमधील नॅराथुरा जापोनिका या फुलपाखराच्या अळीचा स्राव प्यायलेल्या मुंग्यांची हालचाल मंदावते, त्यांच्या मेंदूतील डोपामिन या रसायनाचे प्रमाण घटते आणि त्या अळीला सोडून जाईनाशा होतात, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवून दिले. थोडक्यात, पहारेकरी आपल्या मर्जीने थांबला आहे की त्याला थांबवून ठेवले आहे, हा प्रश्न प्रत्येक जातीपुरता वेगळा तपासावा लागतो.

महाराष्ट्रात हा संबंध पाहायला सर्वांत सोपी जागा म्हणजे शेताच्या बांधावरची बोर. पांढऱ्या पंखांवर काळे ठिपके असलेले कॉमन पिअरो हे फुलपाखरू बोरीवर अंडी घालते, आणि पावसाळा सरताना फुटलेल्या कोवळ्या पालवीवर त्याच्या अळ्या सापडतात. फांदीवरून मुंग्यांची ये-जा चालू असलेली दिसली तर ती कुठे जाऊन थांबते ते नजरेने शोधावे. पुष्कळदा ती मावा किंवा खवले कीड यांच्यापाशी थांबते, कारण त्याही गोड द्रव देतात. पण एखाद्या पानाच्या खालच्या बाजूला, पानाच्याच रंगाच्या एका उंचवट्याभोवती चार-पाच मुंग्या घुटमळताना दिसल्या तर तिथे भिंग लावावे. पानाचा हिरवा थर कुरतडल्यामुळे पडलेले फिकट चट्टे आधी दिसतात, मग त्या चट्ट्याच्या कडेला बसलेली अळी. एक मुंगी तिच्या पाठीच्या मागच्या भागावर उभी राहून दोन्ही मिशांनी ढोल वाजवावा तसे भराभर थोपटत असते. क्षणभराने तिथे दवबिंदूहूनही लहान, काचेसारखा थेंब उमटतो, मुंगी तोंड लावते, थेंब नाहीसा होतो, आणि दुसरी मुंगी तिला बाजूला सारून पुन्हा थोपटायला लागते. अळीचे खाणे या सगळ्यात थांबत नाही. पाच मिनिटे श्वास रोखून हे पाहिले की मधुग्रंथीचे पुस्तकातले वर्णन पुन्हा वाचण्याची गरज उरत नाही.

या संबंधाचे किमान तीन प्रकार वेगळे ओळखावेत, कारण जपणुकीचा मार्ग त्यांवरच ठरतो. पहिला प्रकार ऐच्छिक संबंधाचा: कॉमन पिअरो, लिंबाच्या कोवळ्या पानांवरचे लाइम ब्लू, उद्यानांतील सायकसच्या नव्या पानांवर वाढणारे प्लेन्स क्युपिड, किंवा तूर, ताग आणि मटार यांच्या फुलांवर व शेंगांवर वाढणारे पी ब्लू यांच्या अळ्यांना मुंग्यांची सोबत मिळते, पण ती कोणत्याही एका जातीचीच असावी लागते असे नाही आणि मुंग्यांवाचूनही काही अळ्या तगतात. दुसरा प्रकार अनिवार्य संबंधाचा, ज्यात अळी ठरावीक मुंग्यांच्या सहवासातच वाढते. पांढरट पंखांवर काळ्या कडेचे तांबूस पट्टे आणि त्या पट्ट्यांमधून चंदेरी रेघ असलेल्या सिल्व्हरलाइन गटातील फुलपाखरांच्या अळ्या क्रेमॅटोगॅस्टर या मुंग्यांसोबत राहतात. या मुंग्यांचे पोट वरून पाहिल्यास बदामाच्या आकाराचे दिसते आणि डिवचल्यावर त्या ते पाठीवर उचलून धरतात, एवढ्या खुणेवरून त्या ओळखता येतात. सह्याद्रीतील झाडांवर दिसणारी, चघळलेल्या वनस्पतितंतूंची तपकिरी, गोलसर घरटी याच गटातील काही मुंग्यांची असतात, आणि तांबूस सुतार पक्षी त्याच घरट्यांत पोकळी कोरून आपली पिल्ले वाढवतो. ऐन, नाणा, ताम्हण अशा झाडांवर वाढणाऱ्या ओकब्लू गटातील सेंटॉर ओकब्लू या मोठ्या निळ्या फुलपाखराच्या अळ्यांची राखण पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या करतात, ज्यांना कोकणात ओंबील किंवा हुमले म्हणतात.

तिसरा प्रकार मांसाहारी अळ्यांचा आहे, आणि तो ऐकणाऱ्याला सर्वाधिक चकित करतो. ईशान्य भारतापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आढळणाऱ्या मॉथ बटरफ्लाय या फुलपाखराची अळी याच तांबड्या मुंग्यांच्या घरट्यात राहून त्यांचीच पिल्ले खाते. तिची पाठ चामड्याच्या ढालीसारखी असून कडा पानाला इतक्या घट्ट टेकलेल्या असतात की मुंग्यांना ती उलटवता येत नाही, आणि कोषातून बाहेर पडणाऱ्या फुलपाखराच्या अंगावर सैल खवले असतात, जे हल्ला करणाऱ्या मुंग्यांच्या तोंडाला व पायांना चिकटून त्यांना हतबल करतात. महाराष्ट्रात आढळणाऱ्या एपफ्लाय या लहान फुलपाखराची अळी मुंग्या नव्हे, तर मुंग्या ज्यांची राखण करतात ते पिठ्या ढेकूण खाते. ती अंगावर त्याच ढेकणांसारखा पांढरा मेणचट थर बाळगून त्यांच्यातच वावरते आणि राखणाऱ्या मुंग्या सहसा तिला त्रास देत नाहीत. बागेत पिठ्या ढेकणांवर कीटकनाशक फवारण्यापूर्वी त्या पांढऱ्या कापसात अशी एखादी अळी हलते आहे का, हे पाहण्याची सवय शेतकऱ्याने लावून घेतली तर त्यात त्याचा स्वतःचा फायदा आहे.

मुंगीकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, याचे सर्वांत सखोल अभ्यासलेले उदाहरण ब्रिटनमधील लार्ज ब्लू, म्हणजे फेंगॅरिस आरिऑन या फुलपाखराचे आहे, आणि ते थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. या फुलपाखराची मादी रानथाइमच्या कळ्यांवर अंडी घालते. थाइम ही जमिनीलगत पसरणारी सुगंधी वनस्पती असून ओव्याच्या वासाला कारण असलेले थायमॉल हे द्रव्य तिच्यातही असते. अळी दोन-तीन आठवडे थाइमची फुले खाते, शेवटची कात टाकते आणि मग एके दिवशी संध्याकाळी जमिनीवर पडून राहते. मिर्मिका गणातील एखादी तांबडी मुंगी तिथून जाताना तिला थोपटते, गोड थेंब पिते, आणि अळी शेवटी आपले शरीर अशा रीतीने वर ताणते की मुंगीला ती आपलीच वाट चुकलेली पिल्लू-अळी वाटते. मुंगी तिला उचलून जमिनीखालच्या वारुळात नेते. तिथे ही अळी जवळपास दहा महिने राहून मुंग्यांची पिल्ले खाते आणि आपल्या अंतिम वजनाचा बहुतांश भाग त्या अंधारातच कमावते. कोषातून निघालेले फुलपाखरू पंख चुरगळलेल्या अवस्थेतच वारुळातून चालत बाहेर येते, गवताच्या काडीवर चढते आणि मगच पंख पसरते.

हे फुलपाखरू कमी होत चालल्याचे लक्षात आल्यावर त्याच्या काही जागांना कुंपणे घालण्यात आली, जेणेकरून संग्राहक आणि गुरे आत येऊ नयेत. पण फुलपाखरू आणखी घटले. १९७० च्या दशकात डार्टमूरलगतच्या अखेरच्या वसाहतींवर जेरेमी थॉमस यांनी केलेल्या सूक्ष्म अभ्यासातून कारण उलगडले: अळीला वारुळात नेणाऱ्या मिर्मिका मुंग्या अनेक जातींच्या असल्या तरी ती खऱ्या अर्थाने जगते फक्त मिर्मिका सॅब्युलेटी या जातीच्या वारुळात, आणि या मुंगीला ऊन थेट जमिनीवर पडेल असे, साधारण १.४ सेंटीमीटरच्या आत खुरटलेले गवत लागते. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस या रोगाने ब्रिटनमधील ससे मोठ्या संख्येने मेले, गुरांची चराईही घटली, गवत बोटभर वाढले, जमीन दोन-तीन अंशांनी थंड झाली आणि मुंगीची ही जात हटून तिच्या जागी दुसरी आली. थाइम फुलत राहिली, फुलपाखरू मात्र १९७९ मध्ये ब्रिटनमधून नामशेष झाले. ज्ञान हाती आले तेव्हा काही थोड्या वर्षांचाच उशीर झाला होता, ही या कथेतली खरी हळहळ आहे. त्यानंतर १९८३ पासून स्वीडनमधील ओलांड बेटावरून आणलेल्या पिढीतून त्याचे पुनर्वसन सुरू झाले, पण आधी जागा तयार करून, म्हणजे झुडपे काढून आणि गुरे चरू देऊन मुंगी परत आणल्यानंतरच. ग्लॉस्टरशरमधील रॉडबरो कॉमन येथे २०१९ मध्ये १,१०० अळ्या सोडण्यात आल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे सुमारे ७५० फुलपाखरे उडाली.

हा धडा जसाच्या तसा उचलून सह्याद्रीला लावता येणार नाही, कारण इथले हवामान, झाडे आणि मुंग्या वेगळ्या आहेत; उचलायची ती फक्त विचाराची पद्धत. कुंपण घातले म्हणजे जपणूक झाली असे नसून, ज्या मुंगीवर फुलपाखरू अवलंबून आहे तिला घरटे करायला काय लागते, हे आधी पाहावे लागते. पाने शिवणाऱ्या तांबड्या मुंग्यांना एकमेकांना भिडलेल्या फांद्या आणि जिवंत, रुंद पाने लागतात, तर क्रेमॅटोगॅस्टरच्या काही जातींना वाळकी खोडे, पोकळ फांद्या आणि सालीखालच्या जागा. बागेची साफसफाई करताना वाळकी फांदी काढून टाकणे, बांधावरची बोर आणि घाणेरीची गच्च झुडपे सरसकट तोडणे, उन्हाळ्यात डोंगरउतारांवर वणवा लावणे, या प्रत्येक कृतीत झाड पुन्हा फुटेलही, पण मुंग्यांची वसाहत तितक्या लवकर परत येईलच असे नाही.

प्रत्यक्ष निरीक्षणासाठी फार साहित्य लागत नाही. दहा पट मोठे दाखवणारे भिंग, एक लहान विजेरी, जवळून छायाचित्र घेता येईल असा मोबाइल किंवा कॅमेरा, आणि वही एवढे पुरे. वेळ निवडताना झाडाला नवी पालवी किंवा कळ्या कधी येतात त्याकडे लक्ष द्यावे, कारण बहुतेक अळ्यांना कोवळा भागच लागतो. पावसाळ्याचे शेवटचे आठवडे आणि त्यानंतरचा ऑक्टोबर हा काळ नवख्या निरीक्षकाला सर्वांत सोयीचा जातो. मादी फुलपाखरू फांदीच्या टोकाशी वारंवार घिरट्या घालून, उतरून, पोटाचे टोक वाकवताना दिसले तर ती उडून गेल्यावर तिथे अंडे शोधावे: ते मिलिमीटरहूनही लहान, चपट्या चकतीसारखे, पांढरट आणि भिंगाखाली जाळीदार नक्षीचे दिसते. सिल्व्हरलाइनच्या अळ्या दिवसा पाने जोडून केलेल्या निवाऱ्यात किंवा मुंग्यांच्या आश्रयाने दडून राहतात आणि रात्री खायला बाहेर पडतात, म्हणून अंधार पडल्यावर विजेरीने केलेली पाहणी दिवसाच्या तीन फेऱ्यांहून अधिक फलदायी ठरते. मात्र विजेरीचा प्रकाश मंद ठेवावा. निवारा उघडून पाहण्याचा मोह टाळावा, कारण उघडलेला निवारा मुंग्या दुरुस्त करतीलच अशी खात्री नसते आणि उघडी पडलेली अळी पक्ष्याच्या नजरेला पडते. तांबड्या मुंग्यांच्या झाडाखाली उभे राहताना टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि शक्य तर चष्मा घालावा. त्या चावतात आणि चाव्यावर आम्ल सोडतात, जे डोळ्यात गेल्यास फार त्रास होतो.

अळी घरी आणून डबीत वाढवणे हा पुष्कळांचा आवडता उद्योग असला तरी या कुळाच्या बाबतीत तो टाळलेलाच बरा. मुंग्या नसल्या तर मधुग्रंथीतून झिरपणारा गोड द्रव अळीच्या अंगावरच साचू शकतो, त्यावर बुरशी धरते आणि काही जातींच्या अळ्या त्यामुळे मरतात. मुंग्याही सोबत आणाव्यात म्हटले तर मूळ वसाहतीपासून तोडलेल्या मूठभर मुंग्या काही दिवसांत गोंधळतात किंवा अळीलाच खातात. शिवाय नील कुळातील अनेक जातींची नावे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचींमध्ये आहेत, आणि संरक्षित क्षेत्रातून कोणताही जीव उचलणे तर सरळ गुन्हाच ठरतो. झाडावर आठवडाभर रोज एकाच वेळी जाऊन केलेल्या नोंदी डबीतल्या वाढीपेक्षा अधिक सांगतात.

बागेतल्या कामात दोन गोष्टी पाळाव्यात. मुंग्या घरात शिरू नयेत म्हणून खोडाभोवती मुंगीनाशक पावडर टाकणे किंवा खडूची रेघ मारणे हे लिंबू, बोर, करंज यांसारख्या झाडांच्या बाबतीत करू नये. घराच्या उंबऱ्याशी उपाय करावा, झाडाला मुंग्यांसाठी मोकळे ठेवावे. सायकसची नवी पाने प्लेन्स क्युपिडच्या अळ्या खातात आणि ती विद्रूप दिसतात, हे खरे. पण ज्याला शोभेची पाने हवीच आहेत त्याने पालवी उलगडेपर्यंत तिच्यावर पातळ जाळी बांधावी, म्हणजे फवारणीची गरज पडत नाही. तूर किंवा चवळी पिकवणाऱ्या शेतकऱ्यासाठी मात्र पी ब्लू आणि तिच्या नात्यातील ग्रॅम ब्लू या जाती शेंगा पोखरणाऱ्या किडीच ठरतात, आणि त्यांना फुलपाखरू म्हणून मोकळीक द्यावी असे त्याला सांगणे अन्यायाचे होईल. त्याच्याकडून बांधावरची बोर राखण्याची अपेक्षा करणे पुरेसे आहे.

नोंदींविषयी विशेष आग्रह धरावासा वाटतो. कारवारमध्ये वनखात्यात काम करणाऱ्या टी. आर. बेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात फुलपाखरांवर लिहिताना अळीचे वर्णन केले की तिच्यासोबतच्या मुंग्यांचीही दखल घेतली, आणि त्यामुळेच ते लेखन आजही हाताशी ठेवावे लागते. आजच्या निरीक्षकाने अळीचे छायाचित्र घेताना त्याच चौकटीत निदान एक मुंगी बाजूने आणि एक वरून स्पष्ट दिसेल असे पाहावे, कारण कंबरेचे खंड, पाठीवरचे काटे आणि पोटाचा आकार यांवरूनच तज्ज्ञ तिची ओळख ठरवतात. नोंदीत तारीख, वेळ, झाडाचे नाव, अळी पानावर होती की कळीवर, सोबत किती मुंग्या होत्या आणि त्या तिला थोपटत होत्या की नुसत्या जवळून जात होत्या, हे लिहावे. मुंग्या अजिबात नसतील तर तेही तितक्याच काळजीने लिहावे. नोंद आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर देताना दुर्मीळ जातीचे नेमके ठिकाण झाकून ठेवण्याची सोय वापरावी, आणि पुढच्या वर्षी त्याच पंधरवड्यात त्याच झाडापाशी पुन्हा जाऊन मुंग्यांची वाट तीच आहे का, ते आधी पाहावे.